मतदाराचे गाव कोणते?

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले. त्या दिवशी सकाळीच मत देऊन मी घरी आलो आणि नेहमीप्रमाणे शिकवणीला बसलो. समोर आमच्याच वाड्यात खोली घेऊन राहणारा निपाणीकडचा विद्यार्थी तबला लावून बसला होता. डाव्या हाताच्या ज्या तर्जनीने बायावर ‘घे’ उमटवायचा तिलाच शाई लागलेली. मुलाची नजर पुन्हा पुन्हा त्या बोटाकडे जात होती. अखेर मीच विचारले, “तू आलास का रे मतदान करून?”

तो म्हणाला, “माझं नाव कुठंच नाही, गुरुजी. गावाकडंही नाही आणि इथंही नाही.”

एवढे बोलून त्याने पुन्हा ठेका धरला. आवाजात तक्रार नव्हती, नवलही नव्हते. पाऊस पडला नाही असे सांगावे तितक्या सहजपणे त्याने ते सांगितले. मला मात्र त्या दिवशी समेवर येणे जमले नाही. या मुलाला अठरा वर्षे २०२२ साली पूर्ण झाली. त्यानंतर १० मे २०२३ ला कर्नाटक विधानसभेची निवडणूक झाली, ७ मे २०२४ ला लोकसभेची झाली आणि ही तिसरी. तिन्ही त्याच्या डोळ्यांदेखत होऊन गेल्या. मुलगा वर्तमानपत्र वाचणारा, कोणत्या मतदारसंघात कोण उभे आहे हे तोंडपाठ असणारा. मग अडले कोठे?

आपल्या घरांतून हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. आजच्या पोरांना मतदानाची फिकीर नाही, सुटी मिळाली की ती पन्हाळ्याला पळतात. आकडे वरवर पाहिले तर या वाक्याला आधार मिळतो. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी देशभरच्या याद्यांत सुमारे ९७ कोटी नावे होती आणि त्यांत अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली होती सुमारे १.८ कोटी. त्या वयाची एकूण लोकसंख्या मात्र याच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणजे निम्म्याहून अधिक तरुण यादीतच नाहीत. परंतु यादीत नसणे आणि फिकीर नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दाराशी अडलेल्या माणसाला ‘बैठकीला आला नाही’ असे म्हणणे न्यायाचे नाही.

वयाचे दार सरकारने पुष्कळ रुंद केले आहे, हे आधी मान्य करावयास हवे. पूर्वी मतदाराचे वय एकवीस होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून ते अठरा झाले. तरीही एक खोच उरली होती. १ जानेवारी या एकाच दिवशी अठरा पूर्ण असावी लागत आणि फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज भरून ठेवता येतो. वयापुरते पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही.

अडचण आहे ती दुसऱ्या अटीत. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की ज्या मतदारसंघात मनुष्य सर्वसाधारणपणे राहतो तेथे त्याचे नाव लागावे, आणि ते एकाच ठिकाणी लागावे. कलम साधे आहे. जन्मापासून त्याच पेठेत, त्याच वाड्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते कधी जाणवतही नाही. परंतु ‘तू राहतोस कोठे?’ या प्रश्नाला सीमाभागातील तरुणाने एका शब्दात काय उत्तर द्यावे?

त्या मुलखाची घडण वाचकांस ठाऊक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोग आला आणि गेला. ८६५ गावांचा हक्क सांगत महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्यालाही दोन दशके उलटली. नकाशाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण माणसांचे येणे-जाणे त्यासाठी थांबलेले नाही. निपाणीच्या मुली कागल-गडहिंग्लजला दिल्या जातात आणि गडहिंग्लजच्या निपाणीला. निपाणीचा तरुण कागलच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर येतो. बेळगावची मुले शिक्षणाला कोल्हापूर-पुण्यास येतात, नोकरीला गोव्यात उतरतात. आमच्या गाण्याच्या धंद्यात तर ही वाट फार जुनी. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई. त्यांच्या चिरंजीवांकडून ती गायकी घेतली ती धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्यांना कोणी रहिवासाचा दाखला विचारला नाही. सुराला पत्ता लागत नाही, पण मताला लागतो.

आणि हा पत्ता तरुण वयातच सर्वांत अस्थिर असतो. कायदा करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. कायद्यातच म्हटले आहे की, तात्पुरते बाहेरगावी गेल्याने माणसाचा मूळ ठिकाणचा रहिवास संपत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत निवडणूक आयोगाने तर स्पष्ट मुभा दिली आहे. किमान एक वर्षाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी बाहेर राहणाऱ्याने हवे तर आईवडिलांच्या गावी नाव लावावे, हवे तर शिकण्याच्या ठिकाणी लावावे. निवड त्याची. वसतिगृहात राहत असेल तर प्राचार्यांचा दाखला जोडला की काम होते.

प्रत्यक्षात काय घडले ते त्या मुलाच्या तोंडून मी नंतर सविस्तर ऐकले. गावी अर्ज घेऊन गेला तेव्हा त्याला सांगण्यात आले की, “तू तर कोल्हापुरात असतोस, तिकडेच नाव लाव.” येथे एका कचेरीत गेला तर उत्तर मिळाले, “तुझ्या आधारवर पत्ता कर्नाटकचा आहे, तिकडेच लाव.” दोघांनीही त्याला कागदावर काही लिहून दिले नाही. दोघांच्याही बोलण्यात दुष्टावा नव्हता. एकाला वाटले हा त्यांचा, दुसऱ्याला वाटले हा त्यांचा. सबंध सीमाप्रश्न त्या दोन वाक्यांत आला आहे असे मला वाटते. फरक इतकाच की दोन राज्ये जमिनीसाठी ‘आमची’ म्हणून भांडतात आणि मुलाचे नाव लिहावयाचे झाले की ‘तुमचा’ म्हणून मोकळी होतात.

यात आणखी एक भीती मिसळलेली असते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी निराळा वर्ग ठेवलेला आहे. सवलत चांगली आहे. परंतु तिच्यासाठी आपण सीमाभागातलेच रहिवासी आहो हे दाखवावे लागते. कोल्हापूरच्या यादीत नाव गेले तर उद्या धाकट्या बहिणीच्या प्रवेशाच्या वेळी कोणी बोट दाखवील काय, अशी धास्ती घरातील वडीलधारी घेतात आणि ‘राहू दे, पुढे बघू’ म्हणतात. गावी नाव लावण्याचा हक्क शिकावयास बाहेर पडल्याने जात नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्या ‘पुढे बघू’ मध्ये तीन निवडणुका निघून जातात.

पत्त्यानंतर येते नाव. ही बाब आम्हां गाणाऱ्यांना चटकन कळावी, कारण येथे भांडण उच्चाराचे आहे. ज्ञानेश्वर हे आपल्याकडचे घरोघरचे नाव. मराठी माणूस ते ‘द्न्या’ने उच्चारतो आणि इंग्रजीत त्याप्रमाणे लिहितो. कन्नड कानाला तेच अक्षर ‘ग्न्या’ असे ऐकू येते आणि कारकून त्याप्रमाणे लिहितो. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, यादीत तिसरे. शिवाय आपली रीत नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी, तर तिकडे आद्याक्षर आधी मांडण्याची चाल. एकाच मुलाची तीन कागदांवर तीन माणसे होतात. मुलाचे शिक्षण मराठी शाळेत झालेले असले तरी त्याने कन्नड विषय अभ्यासलेला असतो, परंतु पाठ्यपुस्तकातील कन्नड निराळे आणि सरकारी नमुन्यातील कन्नड निराळे. म्हणूनच ज्या मतदारसंघात राज्यभाषेहून निराळी भाषा बोलणारे वीस टक्के वा अधिक आहेत तेथे यादी त्या भाषेतही काढावी, असा आयोगाचा दंडक आहे. हा दंडक काटेकोर पाळला जावा असे म्हणणे म्हणजे कोणत्याही भाषेचा द्वेष करणे नव्हे. आपण आपल्याही अंगणात पाहावे. जत-अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतील नावे आपले कारकून कशी लिहितात? कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ आहे, आपल्याकडे नाही. आपल्या हातून त्या नावांची मोडतोड होते आणि आपल्याला ती दिसतही नाही.

नावाची सर्वांत मोठी परवड होते ती सुनांची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन गडहिंग्लजहून निपाणीस गेलेली मुलगी घ्या. माहेरी अठराव्या वर्षी नाव लागले होते. आता राज्य बदलले, आडनाव बदलले, पुष्कळ घरांत पहिले नावही बदलले. नमुना ८ भरून यादीतील नाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येते, एवढी सोय आता आहे. परंतु तो भरून कोणी द्यायचा? सासरी म्हणतात, आधी रेशनकार्डात नाव चढू दे. माहेरी म्हणतात, आता ती तिकडची. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद ठेवण्यास नकार दिला आणि ती नावे यादीतून गेली. सेन यांचा हट्ट योग्यच होता, कारण त्यानंतर स्त्रिया स्वतःच्या नावाने मतदार झाल्या. पण सत्तर वर्षांनंतरही सून ‘अमक्याची बायको’ या नात्यानेच पहिली दोन-तीन वर्षे काढते आणि तेवढ्यात तिच्या आयुष्यातील पहिली निवडणूक होऊन जाते.

समजा पत्ता जुळला, नावही लागले. आता प्रश्न उरतो दिवसाचा. ७ मे २०२४ रोजी योगायोगाने कोल्हापूर, हातकणंगले, बेळगाव, चिकोडी येथे एकाच दिवशी मतदान होते. सर्वत्र सुटी होती. परंतु १० मे २०२३ ला मतदान फक्त कर्नाटकात होते. कागलच्या कारखान्याचा भोंगा नेहमीच्या वेळी वाजला. नाव निपाणीच्या यादीत आणि पाळी कागलला, अशा कामगाराने काय करावे? १९५१ च्या कायद्यात १३५-ब हे कलम आहे. त्याप्रमाणे मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी द्यावयाची आहे, रोजंदारीवरील माणसालासुद्धा. मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यालाही ती लागू आहे, असा खुलासा आयोगाने केलेला आहे. कलम भक्कम आहे. परंतु कंत्राटदाराकडे सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेल्या वीस वर्षांच्या पोराने मुकादमापुढे कलम म्हणून दाखवावे, ही अपेक्षा जरा जादाच होते.

येथे एक तुलना सुचते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सीमाभागातील कितीतरी घरांत एक मुलगा लष्करात असतो. तो सीमेवर असला तरी त्याची मतपत्रिका त्याच्याकडे जाते. हल्ली ती विद्युत्-मार्गाने पाठवली जाते आणि तो मत भरून टपालाने परत धाडतो. हे योग्यच आहे. पण त्याचाच धाकटा भाऊ पुण्यात यंत्रावर काम करीत असतो. त्याला मात्र रात्रीची गाडी पकडून गाव गाठावे लागते, नाहीतर मत बुडते. स्थलांतरितांना दुरून मत देता यावे असे यंत्र आयोगाने २०२२ च्या अखेरीस पुढे आणले होते. जानेवारी २०२३ मध्ये ते राजकीय पक्षांपुढे ठेवण्यात आले. पक्षांनी शंका काढल्या आणि ती गोष्ट मागे पडली. शंका अगदीच निराधार होत्या असे मी म्हणणार नाही. परंतु यंत्र नको तर दुसरा उपाय कोणता, हे कोणी सांगितले नाही.

आणि कधीकधी गाडीच नसते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, वाहनांवर दगड पडले आणि दोन्ही राज्यांच्या एस.टी. गाड्या काही काळ बंद राहिल्या. नेमकी तीच वेळ याद्यांच्या पुनरीक्षणाची होती. हरकती आणि नवे अर्ज घेण्याचे ते दिवस. त्या दिवसांत गावी जाऊन कागद गोळा करणाऱ्या मुलाला आंदोलनाची झळ लागली, पण त्याची बातमी कोठे आली नाही. फुटलेली काच दिसते, राहून गेलेला अर्ज दिसत नाही.

याहून निराळा अडथळा म्हणजे निवडणूकच न होणे. तरुणाने लोकशाहीचा पहिला धडा गिरवावा तो गावच्या, पेठेच्या निवडणुकीत. बेळगाव महापालिका २००५ आणि २०११ अशी दोनदा सीमाप्रश्नाच्या कारणाने बरखास्त झाली. पुढे २०१९ मध्ये मुदत संपल्यावर निवडणूक झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०१६ साली झाल्या, मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे त्या लांबत गेल्या. आणि आपण तरी हसावे असे काय आहे? आपल्या कोल्हापूर महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि २०२५ सालापर्यंत येथे प्रशासकांचा कारभार राहिला. २०२० मध्ये अठरा पूर्ण झालेल्या आपल्या मुलाने तेवीस वर्षांचा होईपर्यंत नगरसेवकासाठी एकदाही मत दिले नाही. गाण्यातही ज्याला लहानपणी मैफल मिळत नाही त्याचे गाणे खोलीतच राहते.

काही अडथळे आपल्या चळवळीच्या हातूनही नकळत उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. सीमावासीयांचे गाऱ्हाणे देशाच्या कानी पडावे, हा त्यामागील हेतू. गाऱ्हाणे पडलेही. परंतु त्या वर्षी पहिल्यांदाच मत देणाऱ्या तरुणापुढे जी मतपत्रिका आली तिच्यातून आपला माणूस शोधणे ही परीक्षाच होती. त्याच निवडणुकीत आंध्रातील नलगोंड्यातही ४८० उमेदवार होते. अशा गर्दीला आळा घालण्यासाठी त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम पाचशे रुपयांवरून दहा हजारांवर नेण्यात आली. पुढे ती पंचवीस हजार झाली. आज पंचवीस वर्षांच्या गरीब मुलाला उभे राहावेसे वाटले तर पहिला अडथळा तो आहे. २०१९ मध्येही बेळगावच्या लोकसभेला पन्नासाहून अधिक उमेदवार होते. निषेध आपण करावा, परंतु त्याची किंमत कोण मोजतो हेही पाहावे.

येथवर मी सरकारचे, कारकुनांचे, पक्षांचे आणि चळवळीचे बोललो. आता माझे बोलतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

त्या मुलाने २०२३ च्या दिवाळीनंतर मला एक कागद मागितला होता. वसतिगृहातील मुलाला प्राचार्यांचा दाखला मिळतो, पण खासगी खोलीत राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा हवा असतो. वीजबिल, पाणीबिल माझ्या नावावर. नोंदणीकृत भाडेकरार आम्ही कधी केलेलाच नव्हता. वाड्यातील खोली विद्यार्थ्याला द्यावयाची ती तोंडी बोलीने, अशीच आपली रीत. तो म्हणाला, “गुरुजी, मी इथं राहतो एवढं लिहून दिलं तरी चालेल, असं म्हणतात.” मी म्हणालो, “बघू.” मनात निराळेच होते. कागद दिला, नाव या पत्त्यावर चढले, उद्या हक्क सांगितला तर? माझ्या ओळखीच्या एका घरात भाडेकरूंवरून तीस वर्षे कोर्टकज्जा चालला होता, तो डोळ्यांपुढे आला. मी दोनदा ‘बघू’ म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही.

मतदार यादीत नाव आल्याने कोणाला घराचा हक्क मिळत नाही, हे मला नंतर एका वकील मित्राने सांगितले. पण ते विचारायला मी वर्षभर गेलो नव्हतो. आणखी एक गोष्ट त्यानेच सांगितली आणि मी खाली पाहिले. ज्यांना घरच नाही, जे पदपथावर झोपतात, त्यांच्याकडे आयोग पत्त्याचा कागद मागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तेथे जाऊन तो मनुष्य खरोखर तेथे झोपतो की नाही हे पाहून येतो, आणि एकाच रात्री नव्हे. म्हणजे पदपथावरील माणसाच्या शब्दाला कायदा मान देतो आणि माझ्या वाड्यात अडीच वर्षे झोपणाऱ्या मुलाला माझ्यामुळे पत्ता मिळाला नाही.

माझे वडील कोल्हापूर दरबारच्या अखेरच्या काळात तबल्याच्या साथीला नोकरीस होते. मी त्यांचे उतारवयातील अपत्य. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्यांची नोकरी संपली. परंतु १९५२ च्या मतदानाची आठवण ते नेहमी सांगत. दरबारात कोणी कोठे बसायचे हे ठरलेले, बजवय्यांची जागा मागे. त्या दिवशी रांगेत त्यांच्या पुढे एक मानकरी होते आणि मागे एक पाथरवट. वडील म्हणत, “नोकरी गेली, पण त्या दिवशी मला कोणी जागा दाखवली नाही. मी आलो त्या जागी उभा राहिलो.” ज्या घरात ही गोष्ट शंभरदा सांगितली गेली त्या घरातून एका मुलाला रांगेतील जागा मिळू नये, याला काय म्हणावे?

म्हणून वाड्याच्या खोल्या विद्यार्थ्यांना देणाऱ्या आपल्या जुन्या घरांना माझे सांगणे आहे. साधा नोंदणीकृत भाडेकरार करावा. त्यात आपलेही रक्षण आहे आणि मुलाच्या हातीही पुरावा येतो. मुलांना सांगावे की तोंडी नकार हा नकारच नव्हे. नमुना ६ भरून द्यावा, पोच घ्यावी. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि त्यापुढे तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीचे दार बंद होते, म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. सुना-मुलींची नावे लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांबरोबरच हाती घ्यावीत. आणि जुने कागद जपावेत. २०२५ साली बिहारमध्ये यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. कच्च्या यादीत सुमारे पासष्ट लाख नावे आली नाहीत, आणि तरुणांकडून आईवडिलांचेही कागद मागितले गेले. ज्यांच्या आईचे माहेर एका राज्यात आणि वडिलांचे घर दुसऱ्या राज्यात, त्यांनी ही गोष्ट दूरची समजू नये.

डिसेंबर २०२४ मध्ये मी त्या मुलाला स्वतःहून म्हणालो, “कागद करून देतो. चल, उद्याच जाऊ.” तो हसला. म्हणाला, “राहू द्या गुरुजी. आता परीक्षा झाली की गावीच जाणार. तिकडंच लावतो.” त्याने ते लावलेही. या खेपेस पोच घेतली, आणि दोन महिन्यांत नाव आले. ओळखपत्र घरी आल्यावर त्याने मला फोन केला. मी अभिनंदन केले, पण त्या तीन निवडणुका त्याला परत मिळणार नव्हत्या, आणि त्यांतील शेवटच्या दोन माझ्या खात्यावर होत्या.

मतदानाची शाई कर्नाटकातच, म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यात तयार होते. तेथील महाराजांनी १९३७ साली तो सुरू केला. निपाणीला आणि कोल्हापूरला बोटाला लागते ती तीच शाई. तिला दोन राज्यांतला फरक कळत नाही.

आता त्या खोलीत खानापूरकडचा एक मुलगा राहावयास आला आहे, सतरा संपलेला. पहिल्या दिवशी वळकटी खाली ठेवून त्याने भाड्याचे विचारले. मी म्हणालो, “भाड्याचे मागाहून बोलू. आधी सांग, नाव गावी लावायचे की इथे?” त्याने घरी विचारून सांगतो म्हटले. दोन दिवसांनी येऊन सांगितले, “इथं लावू, गुरुजी.” भाडेकराराचा कागद मी त्याच आठवड्यात नोंदवून घेतला.